झीज

केसपेपरवर वय सोळा.
दाढा पन्नाशीच्या.
दिवा जवळ ओढते, आरसा फिरवते.
उंचवटे सगळे सपाट,
चाळीच्या जिन्याच्या पायऱ्या मधे झिजतात तसे.

"सुमेध, रात्री दात खातोस का रे?"
तो पंख्याकडे बघतो.
"झोपेत काय खातो ते कसं कळणार, मॅडम?"
मग चूळ भरून झाल्यावर:
"बहीण म्हणते, उंदीर कुरतडतोय असं वाटतं."

ताडीवाला रोड. रुळांलगत खोली.
मालगाड्यांनी त्याची झोप मोडत नाही,
भांडी थरथरतात, तो घोरतो.
झोप मोडते ती चपलांनी.
डावी घासत आली तर किती झालीय,
कडी एकदा वाजली तर काय,
दोनदा वाजली तर आईला कुठे उभं करायचं,
हे सहाव्या वर्षी पाठ.
पाढे नंतर आले.

केसपेपरच्या मागच्या पानांवर वेगवेगळी अक्षरं:
पोटदुखी, दोन वर्षं. ससूनची सोनोग्राफी नॉर्मल.
डोकेदुखी. चष्मा नको.
बीपी वयाच्या मानाने जास्त, पुन्हा बघा.
पुन्हा कुणी बघितलेलं नाही.
आणि खाली, घाईत: विशेष काही नाही.

दहा वर्षं एक शरीर पहाऱ्यावर आहे,
रजा नाही, पाळी बदलत नाही,
आणि आम्ही लिहितो विशेष काही नाही.

"वडील जाऊन किती झाली?"
"दिवाळीत दोन वर्षं."
"मग आता?"
"चपला कुणाच्याही वाजतात, मॅडम."

आमचे मोठे डॉक्टर म्हणतात, ही मुलं चिवट हो.
म्हणताना चहा ढवळत असतात.
चिवट चामडंही असतं,
त्याचं आधी काय काय केलेलं असतं
ते कुणी विचारत नाही.

मी एक्स-रे उजेडाला धरते.
वरचं कवच गेलं ते गेलं, सांगते,
ते परत येत नाही. यात खोटं बोलायचं नाही
हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी ठरवलंय.
पण हे बघ, इथे, पांढरं.
झीज जशी वरून आली
तशी नस मागे सरकली,
आणि तिने आतून भिंत घातली,
थरावर थर.
"तिला कुणी सांगितलं?"
कुणी नाही.
तो बराच वेळ बघतो.
"मग तिला राहायला जागा कमी पडत असेल."

पुस्तकात हे होतं.
असं नव्हतं.

मापाचा लगदा तोंडात, दोन मिनिटं बोलायचं नाही.
मुठी खुर्चीच्या दांड्यावर आवळलेल्या.
लगदा निघाल्यावर, न विचारता,
शेजारच्या जरीनाबीचं सांगतो.
ती कडी लावायची नाही रात्री.
म्हणाली होती, आलास तर वाजवू नको, ढकल.
"गेलो किती वेळा?"
बोटं मोजतो. "चार. नाही, पाच.
पण रोज माहीत होतं ना."

पुढच्या आठवड्यात रात्रीचा गार्ड तयार.
पारदर्शक, डबीत, त्याच्या नावाची चिठ्ठी.
लावून बघतो, ओठ फुगतात, हसतो,
हसला की अगदी सोळाचा.
मग डबी खिशात, आणि दाराशी घुटमळत:
"अजून एक होईल? लहान मापाचा?
ती दात खात नाही अजून.
पण पडतायत तिचे. नवे येतायत."

नऊ वर्षांच्या मुलीला असं काही देत नाहीत,
रोज जबडा वाढत असतो.
हे मी बोलत नाही.
कपाटात उगाचच लहान ट्रे शोधते,
पाठमोरी, जरा जास्तच वेळ.
"गुरुवारी घेऊन ये तिला.
नुसतं बघू."

"रांगेत थांबावं लागेल?"
"नाही. सरळ आत ये."

तो जातो.
बाहेर बाकावर नंबर पुकारला जातोय,
नळी गुळगुळतेय.
दार त्याने ओढून घेतलेलं नाही,
नुसतं लोटलंय.